नाव लिहू नये

चतुर्थीला आचऱ्याला गेलो होतो. (तुतारीचं तिकीट मिळालं, हीच बाप्पाची कृपा!) दुपारी मोदक हाणून ओटीवर लोळत होतो, तेवढ्यात भाची मोबाईल घेऊन आली. सिंधुदुर्गातल्याच एका कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा सर्व्हे काढला होता. म्हटलं, वा! सुधारलं की कॉलेज.

वर ठळक अक्षरांत, "सर्व्हे निनावी आहे, नाव लिहू नये." खाली शाखा, वर्ष, मुलगा की मुलगी, तालुका. मग पीएचक्यू-९ चे नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा... नववा मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बाईसाहेबांनी सगळीकडे ० ठोकलं होतं.

"खरंच?"

"मामा, तू इंजिनियर मां? आमच्या वर्गात चेडवां तीन. मालवणची मी एकटीच. खरा कसा लिवतलंय?"

च्यायला! लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकन माणसं ओळखता येतील. तेच माझ्या भाचीला ओटीवर बसून कळलं, सर्व्हे काढणाऱ्यांना नाही. आणि आपल्याकडे सर बाबांच्या ओळखीचे असतात, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या धंद्यात शून्य आणि नल यांत घोळ केला तर बॉस फाडून खातो. शून्य म्हणजे उत्तर आहे आणि ते शून्य आहे. नल म्हणजे उत्तरच नाही. हिचं ० हे नल होतं, पण अहवालात मात्र "आनंदी विद्यार्थिनी" म्हणून मोजलं जाणार. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि १,७६४ घेऊन महाराष्ट्र सगळ्यांत वर. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर कृतिदल नेमलं. इतक्या गंभीर कामाला भित्र्या शून्यांचा पाया कसा चालेल?

तालुका काढून टाका, एवढं साधं आहे. हवाच असेल तर दहापेक्षा कमी पोरांचा गट वेगळा दाखवू नका. पण खरी गोची पुढेच आहे. निनावी फॉर्ममध्ये नवव्या प्रश्नाला कुणी ३ लिहिलं, तर तिच्यापर्यंत पोचणार कसं? म्हणून त्या प्रश्नाखालीच टेलिमानसचा १४४१६ नंबर हवा (फुकट, चोवीस तास, मराठीतही). आणि बोलायला जवळ कुणीतरी हवं. त्यासाठी प्रत्येक वेळी सायकियाट्रिस्टच लागतो असंही नाही. बांद्याच्या पलीकडे गोव्यात 'संगाथ'ने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना शिकवून डिप्रेशनच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. उपयोग झाला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले.

कॉलेजला तालुक्याबद्दल ई-मेल केली. उत्तर नाही. असो.

रात्री आरती झाल्यावर भाची पुन्हा ओटीवर आली. भजनवाले अजून आत उसळ खात होते. म्हणाली, "झोप येना नाय मामा. जूनपासना."

भजनवाले उठून पुढच्या घरी गेले तरी आम्ही तिथंच बसलो होतो.