कबुलीजबाबाचा मोह

लहान मुलांसाठीं काढलेल्या चित्रांच्या मालिकेंत दर आठवड्यास एक प्रेत कशाला, असा प्रश्न विचारणारे पालक ‘मेइतांतेइ कोनान’ ह्या जपानी मालिकेवर रुष्ट असतात. त्यांचा रोष आम्हांस समजतो; पण तो चुकीच्या जागीं बसला आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. रक्तपाताच्या कथेनें मुलें बिघडत नाहींत. महाभारत ऐकून वाढलेल्या घरांनीं तरी तसें म्हणूं नये. ह्या मालिकेंत भिण्यासारखें जें आहे तें खुनानंतर येतें.

गोशो आओयामा ह्यांची मूळ चित्रकथा १९९४ सालीं सुरू झाली आणि ८ जानेवारी १९९६ रोजीं ती दूरचित्रवाणीवर आली. शिनिची कुदो ह्या शाळकरी गुप्तहेरास काळ्या वेषांतील गुन्हेगार विष पाजतात; तो मरत नाहीं, लहान मूल होतो. मग एदोगावा राम्पो व कॉनन डॉइल ह्या लेखकांच्या नांवांवरून ‘एदोगावा कोनान’ असें नांव घेऊन तो मोरी कोगोरो नामक सुमार बुद्धीच्या गुप्तहेराच्या घरीं राहतो. पहिल्या वर्षाच्या भागांची रचना चोख आहे, हें आम्ही मोकळेपणीं मान्य करितों. परंतु उलगड्याच्या वेळीं काय होतें तें पाहा. कोनान मनगटावरील घड्याळांतून गुंगीची सुई मारून कोगोरोस झोपवितो, गळ्यांतील बो-टायमधून त्याचा आवाज काढतो, आणि आरोपी बहुधा गुडघे टेकून, रडत रडत, खून कां केला तें सांगूं लागतो. वकील नाहीं, उलटतपासणी नाहीं. पुराव्यांत राहिलेलें भोंक अश्रूंनीं बुजविलें जातें.

आणि हें कोणत्या देशांत? इवाओ हाकामादा हा मुष्टियोद्धा १९६६ सालीं खुनाच्या आरोपावरून पकडला गेला. सुमारें वीस दिवसांच्या चौकशीनंतर त्यानें कबुली दिली. न्यायालयांत ती नाकारली. तरीहि १९६८ सालीं त्यास फांशीची शिक्षा झाली. तो तुरुंगाबाहेर आला २०१४ सालीं, आणि निर्दोष ठरला सप्टेंबर २०२४ मध्यें, वयाच्या ८८ व्या वर्षीं. कबुली अमानुष चौकशीनें काढलेली होती व रक्ताळलेले कपडेहि बनावट पुरावा होते, असें न्यायालयानेंच म्हटलें. त्यापूर्वीं १९८३ ते १९८९ ह्या काळांत फांशीचे चार कैदी फेरतपासणींत निर्दोष ठरले होते. अशा देशांतील मुलास ‘कबूल केलें म्हणजे संपलें’ असें दर आठवड्यास शिकविणें ही निरुपद्रवी करमणूक कशी म्हणावी?

ज्याचें नांव हा मुलगा मिरवितो, त्या डॉइल ह्यांनींच ऑस्कर स्लेटर ह्या शिक्षा झालेल्या इसमासाठीं १९१२ सालीं पुस्तिका लिहिली. ती शिक्षा रद्द व्हावयास १९२८ साल उजाडलें. होम्सच्या जनकास न्यायालयाच्या निकालावरहि संशय घेतां आला. त्याच्या नामधारकास समोरच्या हुंदक्यावर घेतां येत नाहीं.

ह्या मालिकेच्या कर्त्यांना हें उमगत नाहीं असें मात्र नव्हे. एप्रिल १९९६ मधील ‘मूनलाइट’ सोनाटाच्या प्रकरणांत कोनान तर्कानें बरोबर ठरतो. पण बापाचा सूड घेणारा आरोपी जळत्या इमारतींत पियानो वाजवीत मरतो, आणि बालगुप्तहेरास आपल्या विजयाची लाज वाटते. सबंध वर्षांत आम्हांस सर्वांत खरा वाटलेला भाग हाच. २०२१ च्या मार्चमध्यें हजाराव्या भागासाठीं हीच कथा पुन्हा काढण्यांत आली, त्या अर्थीं ती त्यांच्याहि मनांतून गेलेली नाहीं. मग एवढ्यावरच कां थांबावें? रडून कबूल करणारा माणूस निर्दोष निघाला, आणि झोपलेल्या कोगोरोच्या आवाजांत कोनानला आपला आरोप मागें घ्यावा लागला, असा भाग आम्हांस पाहावयाचा आहे. तोंपर्यंत पालकांनीं प्रेतें मोजण्याचें सोडावें, आणि आरोपी रडूं लागतांच मुलांना विचारावें कीं, हा गप्प राहिला असता तर उरलेला पुरावा पुरला असता काय?