टीम 'आपली' कधी होते? क्रिकेटवेड, जात आणि बंधुता



एप्रिल आला की केममध्ये आमच्या वस्तीत दोनच विषय असतात. एक १४ एप्रिल आणि दुसरा आयपीएल. निळ्या पताकांखालून पिवळ्या, निळ्या, लाल जर्सी घातलेली पोरे हिंडत असतात. चेन्नई हरली म्हणून न जेवता झोपणारे आमच्यात आहेत. मुंबईवरून सख्ख्या भावाशी दोन दिवस अबोला धरणारेही आहेत. चेन्नई कुठे, करमाळा तालुक्यातले केम कुठे! त्या टीमच्या मालकाला आमच्या गावाचे नावही ठाऊक नसेल.

जयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते यावरून भडकले. "बाबासाहेबांच्या वर्गणीला शंभर रुपये देताना खिसा चाचपता आणि धोनीच्या शर्टाला पाचशे घालता. तो धोनी तुला ओळखतो का रे?" पोरगे शांतपणे म्हणाले, "नाही ओळखत तात्या, तेच बरं आहे. मी चेन्नईचा म्हटल्यावर पुढचा माणूस टाळी देतो. आडनाव विचारत नाही."

बैठक गप्प झाली. क्रिकेट म्हणजे अफू, क्रिकेट म्हणजे भांडवलदारांचा धंदा, हे आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो. त्यात तथ्यही आहे. पण त्या पोराच्या उत्तरावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

माणूस टीमवर एवढा जीव का लावतो? अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत पाहणी केली, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येताना दिसले. जिंकल्यावर पोरे सांगत, "आम्ही जिंकलो." हरल्यावर तीच पोरे म्हणत, "ते हरले." ज्याने चेंडूला पायसुद्धा लावलेला नाही, त्यालाही विजयात वाटा हवा असतो. ज्याला घरात, शाळेत, कामावर रोज हार पत्करावी लागते, त्याला हा वाटा किती मोलाचा वाटत असेल, हे वस्तीत वाढलेल्याला सांगायला नको.

दुसरा अभ्यास हेन्री ताजफेल यांचा. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. सुटून आला तेव्हा त्याचे बहुतेक कुटुंब नाझींनी मारलेले होते. पुढे इंग्लंडमध्ये त्याने शाळकरी मुलांवर प्रयोग केले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि तुम्ही या गटातले, तुम्ही त्या गटातले, असे सांगितले. आपल्या गटात आणखी कोण आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून भयंकर म्हणजे आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा आपले जास्त असले पाहिजे, असाही कल दिसला.

हे वाचताना आम्हाला आपल्या गावाची आठवण झाली. स्वतः कर्जात बुडालेला माणूसही आपण निदान 'त्यांच्या' वर आहोत, यावर समाधान मानतो. श्रेणीबद्ध विषमता कशी टिकते, हे बाबासाहेबांनी आपल्याला हेच सांगितले होते.

मात्र या प्रयोगात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. 'आम्ही' आणि 'ते' दहा मिनिटांत तयार करता येतात. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबई आणि चेन्नई या टीम नव्हत्याच. आज त्यांच्यासाठी डोकी फुटतात. म्हणजे निष्ठा रक्तातून येत नाही, ती घडवली जाते. जातीची निष्ठाही अशीच घडवलेली आहे. फरक आहे तो दाराचा. आवडली नाही तर टीम बदलता येते. जात बदलता येत नाही. जात म्हणजे बंदिस्त वर्ग, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते.

तेव्हा आमच्या पोराला जर्सीत सापडले ते एक उघडे दार होते. त्याची भूक खोटी नाही, ती बंधुतेची भूक आहे. प्रश्न एवढाच की, या दारातून तो किती आत जाऊ शकतो?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पळवणकर बाळू, चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करत आणि इंग्रज साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत ते शिकले. गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात सवर्णांच्या आणि त्यांच्या हातात एकच चेंडू फिरत होता. पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही.

१९२० मध्ये पुन्हा डावलले गेल्यावर त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीचा अन्याय जाहीरपणे मांडून संघातून माघार घेतली. हे दोघे तेव्हाचे नामांकित फलंदाज होते. बहिष्कृतांनीच बहिष्कार घातला! दबाव वाढला आणि अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ जिंकला आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. त्या खांद्यांत सवर्णांचेही खांदे होते.

त्याच १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींची डोकी फोडली गेली आणि नंतर तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. मैदानात खांद्यावर घेणारा समाज तळ्यावर लाठी घेऊन उभा राहिला. खेळातली बंधुता आपोआप पाणवठ्यापर्यंत पोचली नाही. तिथे चालतच जावे लागले.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. वंदना कटारिया आठवा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै २०२१ ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे म्हणत तिच्या घरच्यांना जातीवाचक शिवीगाळ झाली. तीन गोल केले तेव्हा ती 'देशाची लेक' होती. हरल्याबरोबर ती 'त्यांची' झाली. चाल्डिनीच्या अभ्यासातले "ते हरले" आपल्याकडे जातीचे नाव घेऊन येते.

लांब कशाला, आमच्याच भागात एका स्पर्धेत आमच्या वस्तीतल्या एका गोलंदाजाला एका टीमने बोलावून नेले. अंतिम सामना त्याने जिंकून दिला. फ्लेक्सवर त्याचा फोटो लागला. संध्याकाळच्या जेवणाचे मात्र त्याला कुणी बोललेच नाही. पुढच्या वर्षी त्याच टीमचा निरोप आला, तेव्हा तो पुन्हा गेला. आम्ही रागावलो. पण त्याला तरी काय पर्याय दिला होता आम्ही?

म्हणून आम्ही म्हणतो, जर्सी घालायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती भक्तीला. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला दिला. खेळालाही तो लागू आहे. त्यांनी स्वतः तो पाळला. तरुणपणी त्यांना बाळूंचे मोठे कौतुक होते, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब लढले आणि जिंकले. बाळूंच्या गोलंदाजीचे मोल त्यामुळे कमी होत नाही आणि गोलंदाजी मोठी म्हणून त्यांचे राजकारण बरोबर ठरत नाही. कौतुक करावे आणि प्रश्नही विचारावा.

तेव्हा मित्रांनो, ज्या टीमला 'आपली' म्हणता तिला तीन प्रश्न विचारा. हरल्यावरही मी तुमचा असतो का? कर्णधार कोण व्हायचे हे कोण ठरवते? आणि सामना संपल्यावर जेवायला एकाच पंगतीत बसतो का? चेन्नई-मुंबईला हे विचारता येणार नाही, त्या कंपन्या आहेत. पण गावातल्या टीमला येते. तिथे आपण नुसते प्रेक्षक नसतो, खेळाडू असतो आणि वर्गणीही देतो.

आणि आम्हा कार्यकर्त्यांनाही एक प्रश्न आहे. आमच्या सभेत येणाऱ्या पोराला ती टाळी मिळते का? की आधी त्याचा गट विचारला जातो, मग पोटजात, मग निळ्या झेंड्यातला कोणता झेंडा? आमच्यातच इतक्या टीम असतील, तर त्याला चेन्नई जवळची वाटली यात नवल काय?

या जयंतीला केममध्ये आम्ही क्रिकेटचे सामने ठेवायचे म्हणतोय. टीम वस्तीवार नसतील, चिठ्ठ्या टाकून ठरतील, म्हणजे मराठा, धनगर, मुसलमान, मातंग, बौद्ध पोरे एकेका टीममध्ये मिसळतील. मुलींचाही सामना होईल. कर्णधार दर सामन्याला बदलेल. आणि शेवटी सगळ्यांचे जेवण एकाच पंगतीत. किती जण येतील, किती जण जेवायला थांबतील, ठाऊक नाही. जे थांबतील त्यांची मोजदाद आम्ही करणार आहोत. धावफलकापेक्षा तो आकडा आम्हाला महत्त्वाचा आहे.

जय भीम! जय संविधान!