सबुरीचा प्रसाद

आमच्या सावली गावी दिवाळीचा पहिला दिवा उंबरठ्यावर लागतो. अन्याय झालेला माणूसही तिथेच उभा असतो, आणि धर्मगुरू आतून म्हणतात, "सबूर!"

१९६३ साली अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या आठ धर्मगुरूंनी कृष्णवर्णीयांचा सत्याग्रह अवेळीचा ठरवला. मार्टिन ल्यूथर किंगांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिले.

आपण त्यांना हसू नये. १९३० साली नाशिकच्या काळारामाचे दरवाजे अस्पृश्यांपुढे बंद झाले. १९४७ साली पंढरीच्या विठोबाचे दार उघडावे म्हणून प्राण पणाला लावले ते कुणा मठाधिपतीने नव्हे; एकेकाळी अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी! दार उघडले; पण ताटकळलेल्यांचे मन केव्हाच विटले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्याच चांद्याला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली.

महाराज असोत की पाद्री, माझे मागणे एकच. प्रवचन पुरे! जिथे पंगत वेगळी, तिथली दक्षिणा नाकारा. दूर बसवलेल्यांच्या पानाशेजारी आपले पान मांडा. मी साधा मास्तर. मागच्या बाकावरच्या पोराला मी सबुरी शिकवीत नाही. हात धरून पुढे आणतो.

गुरू म्हणवता ना? मग उंबरठा आधी तुम्ही ओलांडा!