गाडीतील कळ आणि गॅरेजमधील हवा

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांची औषधे, चष्मे, विम्याची कागदपत्रे यांची यादी आपण काळजीपूर्वक करतो. तेथील गॅरेजचा विचार मात्र क्वचितच होतो. तेथे अनेक घरांचे गॅरेज घराला जोडलेले असते. दोहोंमध्ये केवळ एक दार. गॅरेजचा मोठा दरवाजा विजेच्या मोटरवर चालतो आणि तो उघडणारी कळ बऱ्याच गाड्यांत आरशावर किंवा सन व्हायजरवर बसवलेली असते. ‘होमलिंक’ हे त्यातील परिचित नाव. नवी गाडी आली, की ही कळ दरवाजाशी जुळवून घ्यावी लागते.

काम थोड्या वेळाचे असते. परंतु एकदा जुळले नाही, की पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. या काळात इंजिन सुरू राहिले, तर धोका निर्माण होतो. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण किंवा रक्तदाब समजून सोडून दिली जातात. हृदयविकार असलेल्यांच्या छातीत दुखू लागते. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी: बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८ असा निर्धास्त आकडा दाखवू शकते. त्यावर विसंबू नये.

म्हणून गाडी आधी गॅरेजबाहेर उभी करावी आणि इंजिन बंद ठेवावे. दरवाजा उघडा आहे, एवढे पुरेसे नाही. कळेला वीज लागत असेल, तर माहितीपुस्तिकेनुसार इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करावे. हायब्रिड गाडीचे इंजिन आपोआप सुरू होऊ शकते, हेही विसरू नये.

दुसरा धोका पडण्याचा. बहुतेक नव्या यंत्रणांत छताजवळच्या मोटरवरील ‘लर्न’ बटण दाबून साधारण अर्ध्या मिनिटात गाडीतील कळ दाबावी लागते. शिडीवरून घाईने उतरणे साठीनंतर कोणालाच मानवत नाही. शिडीवर तरुणाने चढावे, गाडीत दुसऱ्याने बसावे.

तिसरा धोका दरवाजाचा. जुळवताना तो अचानक हलू शकतो. त्याच्या मार्गात नातवंडे किंवा वॉकर नको. अडथळा येताच मागे फिरण्याची सोय नसलेल्या जुन्या दरवाजाला ही कळ जोडूच नये. १९९३ पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती यंत्रणांना अडकण्यापासून संरक्षण देणारी अशी व्यवस्था बंधनकारक आहे. जमिनीवर सुमारे दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दरवाजा बंद करावा; फळीला लागताच तो वर गेला पाहिजे. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी.

घरात, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारा अलार्म हवाच. तो वाजला किंवा घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर कारण शोधत बसू नये. सर्वांना घेऊन आधी मोकळ्या हवेत यावे आणि मग ९११ क्रमांकावर कळवावे. आजी-आजोबांना हा क्रमांक आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.