खाचरातली माती खाचरातच राहावी : कशेळे परिसरातील शेतकऱ्यांचे मागणीपत्र

प्रति, मा. तहसीलदार व मा. तालुका कृषी अधिकारी, कर्जत

महोदय,

खताच्या अनुदानाची चर्चा दर हंगामात होते. आमचे म्हणणे त्याच्याही आधीचे आहे : माती शेतात टिकली तरच खताचा उपयोग. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. बांध फुटला की उतारावरच्या वरकसाची माती खाचरात येते आणि खाचराची माती पेज नदीत जाते. म्हणून मजगी व बांधबंदिस्तीची कामे रोजगार हमीतून घ्यावीत आणि उन्हाळ्यातच पुरी करावीत. जूनमध्ये घातलेला कच्चा बांध जुलै पाहत नाही.

माती जाण्याची दुसरी वाट वीटभट्टीची. वरचा थर उचलला की मुरूम उरतो. मग कितीही युरिया टाका, भात पोसत नाही. माती विकणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही, लग्न-दवाखान्यापायी तो विकतो. पण परवाना देताना भातखाचरे वगळणे आपल्या हाती आहे, ती वगळावीत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतला गाळ अशा खरवडलेल्या शेतांना आधी मिळावा.

राब भाजणे, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजून घेणे, हा अडाणीपणा, असे आम्हाला सभांमधून ऐकवले जाते. तसे नाही. भाजल्याने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, रोप मुळासकट सहज निघते. मात्र त्यासाठी शेण आणि टहाळ जळतात, म्हणजे शेताचे खतच जळते, आणि डोंगरउतार उघडे पडतात. तेव्हा नुसती बंदी नको, पर्याय द्या. डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख, आराला ३० किलो गिरिपुष्पाचा पाला आणि आवणीनंतर चार चुडांच्या मध्ये खोल खोचलेली २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी गोळी आहे. फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहतो, पुरलेली गोळी मुळाशी राहते. गिरिपुष्पाची रोपे बांधांसाठी मोफत द्यावीत. गोळ्या आवणीआधी कशेळ्यातच मिळाव्यात.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भातलागवडीच्या तंत्रात चिखलणी टळते, आधीच्या पिकाची मुळे जागेवरच कुजतात. हे आम्हाला पटते. त्यातला तणनाशकावरचा भर पटत नाही. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने ठाकूर-कातकरी वाड्यांच्या उतारावरील शेतांत तणनाशकासह व त्याविना असे दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी घेऊन दाखवावेत.

मृद आरोग्य पत्रिका पेरणीआधी हाती पडावी आणि ती वाचून समजावणारा माणूस सोबत यावा.

लेखी उत्तर होळीपूर्वी मिळावे, म्हणजे यंदाच्या राबभाजणीआधी काही ठरवता येईल.

आपले,
कशेळे परिसरातील भातउत्पादक शेतकरी