सवडीची परंपरा

जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबचे वकीलपत्र घेणारे दोन गोष्टी हमखास सांगतात. क्लब खासगी आहे, सभासद कोणाला करायचे हा त्याचा घरचा प्रश्न. आणि तो परंपरेने चालतो, बदललाच तर स्वतःच्या गतीने. बाहेरच्यांनी दार ठोठावून उपयोग नाही. पहिला मुद्दा निम्मा खरा. दुसरा सपशेल खोटा, आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला क्लबचाच इतिहास उभा आहे.

आधी परंपरा पाहू. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि त्याचा भागीदार क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी महामंदीच्या काळात 365 एकरांची एक जुनी रोपवाटिका घेतली. जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेले मैदान 1933 च्या जानेवारीत रीतसर खुले झाले. सभासद मिळता मिळेनात. मॅकेंझी बिचारा आपल्या फीसाठी पत्रे लिहीत राहिला आणि क्लबची पहिली स्पर्धा, म्हणजेच पुढे गाजलेली मास्टर्स, पाहण्याआधीच वारला. ती 1934 ची स्पर्धा आटोपली, आणि पुढच्याच वर्षी पहिली नऊ आणि शेवटची नऊ होल यांची अदलाबदल झाली! महायुद्धात स्पर्धा बंद पडली तेव्हा मैदानावर गुरे आणि टर्की पाळली. 1947 मध्ये सोळावे होल नव्याने बांधले. 1981 च्या स्पर्धेसाठी ग्रीनवरचे गवतच बदलले. 2002 मध्ये निम्म्या होलांना हात घालून मैदान 285 यार्डांनी लांबवले, कारण टायगर वुड्सच्या पिढीचे फटके फार लांब जाऊ लागले होते.

त्याच 2002 मध्ये महिला हक्कांच्या कार्यकर्त्या मार्था बर्क यांनी क्लबला पत्र लिहून महिलांना सभासद करा अशी मागणी केली. अध्यक्ष हूटी जॉन्सन यांचे उत्तर असे, की तशी वेळ येईलही, पण ती आम्ही ठरवू. संगिनीच्या टोकावर नाही. मैदान लांबवले तेही यांच्याच कारकिर्दीत. फटका लांब गेला की परंपरा वर्षभरात वाकते, आणि बाईने पत्र लिहिले की ती वज्रासारखी कठोर होते.

आता ती ‘स्वतःची गती’. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने 1967 आणि 1969 मध्ये व्यावसायिक टूरवरच्या स्पर्धा जिंकल्या. मास्टर्सचे निमंत्रण त्याला कधीच आले नाही. पुढे टूरवरच्या विजेत्याला आपोआप प्रवेश असा नियम झाला, म्हणजे मर्जीची जागा नियमाने घेतली, आणि 1975 मध्ये ली एल्डर हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तिथे खेळला. तोवर कृष्णवर्णीय माणूस या मैदानावर दिसे तो कॅडी म्हणून, दुसऱ्याची बॅग वाहताना. 1990 मध्ये अलाबामातल्या शोल क्रीक क्लबच्या संस्थापकाने कृष्णवर्णीयांना सभासद न करण्याचे उघड समर्थन केले. कंपन्यांनी तिथल्या स्पर्धेच्या जाहिराती काढून घेतल्या, टूरने भेदभाव करणाऱ्या क्लबांना स्पर्धा न देण्याचा नियम केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टाला पहिला कृष्णवर्णीय सभासद सापडला. 2012 मध्ये प्रायोजक आयबीएमच्या प्रमुखपदी एक महिला आली. त्या पदावरच्या पुरुषांना सभासदत्व देण्याचा रिवाज होता. पंचाईत झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर पहिल्या महिला सभासद म्हणून आत गेल्या. इतके योगायोग एका क्लबच्या वाट्याला येत नसतात.

यावर उत्तरपक्ष असा, की बर्क यांच्या मागणीनंतर 2003 आणि 2004 मध्ये क्लबने स्पर्धेच्या प्रक्षेपणातल्या जाहिरातींवर पाणी सोडून तत्त्व राखले. राखले खरे. पण प्रायोजकांना त्या वादातून बाजूला काढावे लागले, याचाच अर्थ दबाव नेमका कुठे बसतो हे क्लबला पक्के ठाऊक होते.

माझे म्हणणे एवढेच: बंद दाराआड जेवणाऱ्या मंडळींनी ताटाला कोण बसवावे हे खुशाल ठरवावे. मास्टर्स ही तशी पंगत नव्हे. ती जगभर प्रक्षेपित होते, तिच्यावर खेळाडूंच्या कारकिर्दी ठरतात, आणि त्या नावाच्या जोरावरच सभासदत्वाला मोल येते. लोकांकडून प्रतिष्ठा घ्यायची तर लोकांचे प्रश्नही घ्यावे लागतात.

2019 मध्ये क्लबने हौशी महिला खेळाडूंची स्पर्धा सुरू केली. चांगलेच झाले. तिच्या पहिल्या दोन फेऱ्या मात्र दुसऱ्या क्लबच्या मैदानावर ठेवल्या.