बिनतारखेच्या थरावरील मुद्रा

पावसाळ्यात अंगणातील फरशीवर धरलेल्या शेवाळावर पाय पडू नये म्हणून जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या काळजी घेतली जाते. पायाखालच्या या हिरव्या जिवाचेच एक गोड्या पाण्यातले भाईबंद भूवैज्ञानिकांच्या शतकभराच्या वादात साक्षीला उभे राहिले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याचे नाव कारा. संथ, नितळ आणि चुनखडीयुक्त पाण्याच्या तळाशी हे शैवाल वाढते. चुरडले तर लसणासारखा उग्र दर्प येतो. या वाचकांच्या स्वयंपाकघरात तो सहसा नसावा. काराच्या स्त्रीबीजाभोवती पाच लांबट पेशी डावीकडे वळत मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. फलनानंतर त्यांच्या आतील भिंतींवर चुना साचतो. वनस्पती कुजून जाते आणि बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असे वळणावळणाचे टणक कवच गाळात उरते. लामार्क या थोर फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या कवचांना प्राण्यांचे शंख समजून गायरोगोनाइट असे नाव दिले. ही तर काराची फळे, हे 1812 मध्ये लेमान याने दाखविले. चूक थोरांचीही होते. नाव मात्र तेच राहिले.

समुद्रात साचलेल्या खडकांचे वय ठरविण्यास सागरी जीवांचे अवशेष विपुल मिळतात. तळ्याच्या गाळात ते कोठून येणार? तेथे कारा उपयोगी पडते. तिची बीजे पाणपक्ष्यांबरोबर दूरदूरच्या तळ्यांत पोहोचतात आणि कवचाचा आकार, वेटोळ्यांची संख्या, त्यांवरील गाठी कालपरत्वे बदलत जातात.

महाराष्ट्राचा काळा कातळ म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. दोन उद्रेकांमधील निवांत काळात त्यांवर तळी साचली आणि पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली. याच अंतरा-ट्रॅपी थरांतून मद्रासच्या सैन्यातील डॉक्टर माल्कमसन यांनी गोळा केलेल्या काराफळांना 1840 मध्ये त्यांचेच नाव मिळाले. प्रश्न उरला तो वयाचा. हा कातळ डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला, की ते नष्ट झाल्यानंतरचा? बिरबल साहनींनी 1934 मध्ये हाच प्रश्न लेखाच्या शीर्षकात मांडला. वनस्पतींच्या अवशेषांवरून त्यांचा कौल नंतरच्या, म्हणजे तृतीयक काळाकडे होता. सौसर येथील चर्टमधून त्यांनी राव यांच्यासह 1943 मध्ये काराची एक नवी जातीही वर्णिली.

पुढे पंजाब विद्यापीठातील एस. बी. भाटिया आदींनी नागपूरजवळच्या थरांतील कवचे बारकाईने तपासली. काम किचकट असते. चिकणमाती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेचायचे. पूर्वी सरसकट कारा म्हटल्या गेलेल्या या फळांत प्लॅटिकारा, पेकिकारा, मायक्रोकारा अशा निरनिराळ्या प्रजाती ओळखू आल्या.

येथे व्यापाऱ्याला पटेल असा एक तर्क आहे. एखाद्या बिनतारखेच्या चिठ्ठीवर एकाच पेढीचा शिक्का असेल, तर ती पेढी चालू होती त्या सर्व वर्षांपैकी कोणत्याही वर्षाची ती असू शकते. त्याच चिठ्ठीवर आणखी दोन पेढ्यांचे शिक्के असतील, तर तिन्ही पेढ्या एकाच वेळी चालू होत्या तेवढाच काळ शिल्लक राहतो. प्लॅटिकारा डायनोसॉरांच्या काळात होती आणि त्यानंतरही राहिली. म्हणून तिचा एकटीचा शिक्का पुरेसा नाही. साऱ्या जातींचा मेळ पाहावा लागतो. काही जातींचे आयुष्य दोन्ही काळांत पसरलेले असल्याने हा मेळही कधीकधी सैलच राहतो.

म्हणूनच इतर पुरावे जोडीला घ्यावे लागले. नागपूरच्या टाकळी परिसरातील अशाच थरांत डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले आणि किरणोत्सर्गी मापनाने या लाव्हाचे वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे ठरले. हा काळ डायनोसॉरांच्या अस्ताच्या ऐन सीमेवरचा. लाव्हाचे काही थर सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. त्यामुळे आता विचारायचे ते संपूर्ण कातळाचे वय नव्हे, तर एकेका तळ्याचे. आणि त्यासाठी मातीची चाळण अजून चालूच आहे.